अम्मीच्या पुड्या आणि अजमल खानांची मुळी

दोन वर्षांपूर्वी रमजानच्या तोंडावर अम्मीचे गुडघे इतके दुखायला लागले की नमाजसाठी तिला खुर्ची घ्यावी लागली. तिला ते फार लागलं. सजद्यात कपाळ जमिनीला टेकत नाही म्हणजे आपली इबादत अर्धीच राहते, असं तिच्या मनाने घेतलं. अशात मोहल्ल्यातल्या एका खालांनी कुठल्याशा हकीमसाहेबांचा पत्ता आणला. महिन्यातून दोनदा शहरात येतात, बाजारातल्या एका गाळ्यात बसतात, नब्ज बघून आजार सांगतात. औषध शंभर टक्के युनानी, जडीबुटीचं, साइड इफेक्ट शून्य.

आम्ही गेलो. हकीमसाहेबांनी अर्धा तास अम्मीचं म्हणणं ऐकलं. अब्बांच्या इंतकालपासून सुनेच्या बाळंतपणापर्यंत सगळं. मग कागदात बांधलेल्या तपकिरी पुड्या दिल्या. सकाळ-संध्याकाळ दुधाबरोबर. पंधरा दिवसांचे १२०० रुपये. निघताना म्हणाले, “शुगर की ये अंग्रेजी गोलियां छोड दो अम्मा, गुर्दे खा जाती हैं.”

चौथ्या दिवशी अम्मी खुर्ची सोडून खाली बसली. घरात ईद झाली म्हणा ना. मी स्वतः दोन मित्रांना हकीमसाहेबांचा नंबर दिला. हे कबूल करताना आज लाज वाटते, पण दिला.

चार महिन्यांत अम्मीचा चेहरा गोल झाला. नातेवाईक म्हणाले, तब्येत सुधारली. हाताला जरा काही लागलं की काळं-निळं व्हायचं. मग एका महिन्यात हकीमसाहेब आलेच नाहीत, पुड्या संपल्या. तिसऱ्या दिवशी अम्मीला उलट्या सुरू झाल्या, रक्तदाब खाली गेला, बोलणं तुटक झालं. दवाखान्यात नेलं तेव्हा साखर ३४० च्या वर होती. तिथल्या तरुण डॉक्टरने पहिला प्रश्न विचारला, “अम्मी, कुठली पावडर वगैरे घेत होता का?” अम्मी नाही म्हणाली. मीही गप्प राहिलो. एमबीबीएस डॉक्टरसमोर हकिमाचं नाव काढायचं नसतं, हा आपल्याकडचा अलिखित नियम. त्या गप्प राहण्यात एक अख्खी रात्र गेली. सकाळी रक्तातलं कॉर्टिसॉल तपासलं, ते जवळजवळ नव्हतंच. डॉक्टर म्हणाले, बाहेरून इतकं स्टेरॉइड पोटात गेलंय की शरीराने स्वतःचं बनवणं सोडून दिलं. पुड्या अचानक थांबल्या आणि शरीराकडे काहीच उरलं नाही. अजून एक दिवस गेला असता तर अवघड होतं.

अम्मी चार दिवस आयसीयूत राहून घरी आली. पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. साइड इफेक्ट नसलेलं देशी औषध म्हणून तिने जे खाल्लं, ते विसाव्या शतकातलं अस्सल इंग्रजी औषध होतं, कुटून मिसळलेलं. आणि किडनी खाणारी इंग्रजी गोळी म्हणून जी सोडली, त्या मेटफॉर्मिनची आजी एक झुडूप आहे. युरोपात गॅलेगा ऑफिसिनॅलिस नावाची जांभळ्या फुलांची एक वनस्पती उगवते. तिथले लोक मध्ययुगापासून तिचा काढा पाजायचे. पुढे त्या झाडात साखर कमी करणारं द्रव्य सापडलं, पण ते विषारी निघालं. रसायनशास्त्रज्ञ त्याची सुरक्षित भावंडं शोधत राहिले. १९२२ मध्ये मेटफॉर्मिन तयार झालं, १९५७ मध्ये जाँ स्टेर्न या फ्रेंच डॉक्टरने ते मधुमेहींना देऊन दाखवलं. आज जगात टाइप-२ मधुमेहाच्या सर्वाधिक रुग्णांच्या पोटात हीच स्वस्तातली गोळी जाते.

देशी आणि इंग्रजी ही जी वाटणी आपण डोक्यात करून बसलो आहोत, ती औषधांनी कधीच मानलेली नाही.

*

पारंपरिक वैद्यकाला आधुनिक आरोग्यव्यवस्थेत जागा द्यावी का, या वादात हल्ली दोन तट दिसतात. एकाला त्यातलं सगळं थोतांड वाटतं. दुसऱ्याला प्रश्न विचारणारा प्रत्येक जण फार्मा कंपन्यांचा दलाल वाटतो. आपल्या समाजात या दुसऱ्या तटाला दीनची किनारही आहे. त्यावर पुढे येतो. आधी मला एका मुळीची गोष्ट सांगायची आहे, कारण या वादाचं मला सापडलेलं सर्वांत चांगलं उत्तर तिच्यात आहे.

मराठीत तिला सर्पगंधा म्हणतात, युनानी हकीम असरोल म्हणतात. वैद्य आणि हकीम दोघेही ती वेड लागलेल्याला, झोप उडालेल्याला द्यायचे. साप चावल्यावरही द्यायचे, ज्याचा काही उपयोग नव्हता. परंपरेत खरं आणि चुकीचं असं शेजारी-शेजारी बसलेलं असतं, हे इथेच लक्षात ठेवा.

दिल्लीतले हकीम अजमल खान म्हणजे काँग्रेसचे अध्यक्ष, जामिया मिल्लियाच्या संस्थापकांपैकी एक आणि पहिले कुलपती. आपल्या मराठी पाठ्यपुस्तकांत ते खिलाफत चळवळीच्या एका ओळीत उरकतात. पण ते मुळात हकीम होते, आणि त्यांची सर्वांत मोठी लढाई वैद्यकाचीच होती. इंग्रज सरकार देशी वैद्यकाला दाराबाहेर काढायला निघालं होतं. आपल्या मुंबई प्रांतातच १९१२ मध्ये कायदा झाला, ज्यात पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्यांचीच डॉक्टर म्हणून नोंद होणार होती. अजमल खानांनी वैद्य आणि हकीम यांना एका व्यासपीठावर आणलं. दिल्लीत जे महाविद्यालय काढलं त्याच्या नावातच आयुर्वेदिक आणि युनानी शेजारी ठेवले. १९१६ मध्ये त्याची कोनशिला व्हाईसरॉय हार्डिंगने बसवली आणि १९२१ मध्ये उद्घाटन गांधीजींनी केलं. एकाच इमारतीच्या या दोन पाहुण्यांवर वेगळा लेख होईल.

माझ्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट यानंतरची आहे. देशी वैद्यकाचा एवढा कैवारी माणूस, त्याला आपली परंपरा जशीच्या तशी काचेच्या कपाटात ठेवता आली असती. त्याने उलट केलं. सलीमुज्जमान सिद्दीकी नावाचा तरुण जर्मनीतल्या फ्रँकफर्टमध्ये रसायनशास्त्र शिकून १९२७ मध्ये डॉक्टरेट झाला होता. आपल्या महाविद्यालयात संशोधन केंद्र उभारायचं काम अजमल खानांनी या तरुणावर सोपवलं. म्हणजे हकिमांच्या घरात, हकिमाच्या पैशाने, जर्मन पद्धतीची प्रयोगशाळा. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अजमल खान वारले. सिद्दीकी काम करत राहिले आणि १९३१ मध्ये त्यांनी सर्पगंधेच्या मुळीतून शुद्ध द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी नाव दिलं, अजमलीन.

हे अजमलीन आजही वापरात आहे. ब्रुगाडा सिंड्रोम नावाचा हृदयाचा एक आनुवंशिक आजार असतो. वरवर धडधाकट दिसणारा माणूस झोपेत जातो. तो आजार लपलेला असेल तर उघड करण्यासाठी युरोपातल्या इस्पितळांत अजमलीनचं इंजेक्शन देऊन ईसीजी काढतात. जर्मनीतला किंवा इटलीतला हृदयरोगतज्ज्ञ दिल्लीच्या एका हकिमाचं नाव दररोज उच्चारतो. आपल्याकडे त्याची खबर किती जणांना असेल?

गोष्ट इथे संपत नाही, कारण ती मुंबईत येते. त्याच १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी सर्पगंधेने रक्तदाब उतरतो असं लिहिलं होतं. मुंबईच्या केईएम इस्पितळातले पारसी डॉक्टर रुस्तम जाल वकील यांनी ती मुळी रक्तदाबाच्या ५० रुग्णांना देऊन नोंदी ठेवल्या आणि १९४९ मध्ये ते काम ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापून आणलं. त्यानंतर जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये सिबा या स्विस कंपनीने त्याच मुळीतून रेसर्पीन वेगळं काढलं. काही वर्षं ते रक्तदाबावरचं जगातलं एक प्रमुख औषध होतं, वेड्यांच्या इस्पितळांतही वापरलं गेलं. १९५७ मध्ये वकिलांना अमेरिकेचा लास्कर पुरस्कार मिळाला.

आणि मग त्याच तपासणीने रेसर्पीनची दुसरी बाजूही दाखवली. जास्त मात्रेत घेणारे काही रुग्ण खोल उदासीनतेत जाऊ लागले. डोस कमी झाले, पुढे अधिक सोसवणारी औषधं आली आणि रेसर्पीन मागे पडलं. परंपरेच्या अभिमान्यांना गोष्टीचा हा शेवट आवडत नाही. मला तोच जास्त मोलाचा वाटतो. औषध चांगलं ठरलं तेही मोजून, मागे पडलं तेही मोजून.

अजमल खानांची मुळी आणि अम्मीची पुडी यांच्यात फरक आहे तो एवढाच. दोन्हींवर युनानी असं लिहिता येईल. एका मुळीत काय आहे हे शोधायला हकिमाने स्वतः माणूस नेमला. दुसऱ्या पुडीत काय आहे हे कुणाला कळू नये यावरच सगळा धंदा उभा होता.

*

“आमच्या बुजुर्गांचं वैद्यक आहे, त्याला तुमच्या प्रयोगशाळेची सनद कशाला?” हा प्रश्न मला एका दावतीत विचारला गेला. विचारणारे गृहस्थ शिकलेले होते. मी त्यांना म्हटलं, बुजुर्गांचंच बघू.

मुळात त्या वैद्यकाचं नावच बघा. युनानी, म्हणजे ग्रीकांचं. बगदादच्या विद्वानांनी हिपोक्रेटिस आणि गॅलेन अरबीत आणले आणि शेकडो वर्षं त्यात भर घातली, पण नाव बदललं नाही. दुसऱ्याकडून घेतलं हे सांगायची त्यांना लाज वाटली नाही. त्यात चरक-सुश्रुतांचंही काही आलं, कारण त्यांचे अनुवाद अब्बासी काळात झाले होते.

आणि घेतलेलं त्यांनी मुकाट गिळलं नाही. अबू बक्र अल-राझीने गॅलेनविषयीच्या शंकांचं एक पुस्तकच लिहिलं. गोवर आणि देवी हे दोन वेगळे आजार आहेत हे त्याने लक्षणं मांडून दाखवलं. पण मला त्याची सर्वांत आवडती नोंद वेगळीच आहे. मेंदूला सूज येण्याच्या आजारात शिरेतून रक्त काढल्याने फायदा होतो का, हे बघायला त्याने काही रुग्णांचं रक्त काढलं आणि काहींना मुद्दाम तसंच ठेवलं. दोन गट करून तुलना. त्याचा निष्कर्ष आजच्या वैद्यकाला मान्य होणार नाही, पण हजार-अकराशे वर्षांपूर्वी त्याला प्रश्न कसा विचारायचा ते सुचलं होतं. इब्न सीनाने औषधाची परीक्षा कशी घ्यावी याचे नियम घालून दिले. औषध शुद्ध हवं, साध्या एकाच आजारावर तपासावं, गुण पुन्हा पुन्हा यायला हवा, आणि माणसावर तपासावं, कारण प्राण्यावर जे चालतं ते माणसावर चालेलच असं नाही. तेराव्या शतकात इब्न अल-नफीसने याच इब्न सीनाला आणि गॅलेनला खोडून रक्त हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुप्फुसांमार्गे डावीकडे जातं हे सांगितलं.

आमच्या बुजुर्गांनी बुजुर्गांना प्रश्न विचारले. आम्ही त्यांच्या नावाने चूर्ण विकतो.

दीनचा मुद्दा नाजूक आहे, पण टाळून चालणार नाही. गेल्या काही वर्षांत तिब्ब-ए-नबवी या नावाखाली एक बाजार उभा राहिला आहे. कलौंजीचं तेल, अजवा खजुराच्या बियांची पूड, हिजामाची केंद्रं. चांद्रमासाच्या १७, १९, २१ तारखा टाकून व्हॉट्सॲपवर पत्रकं फिरतात. मी कलौंजी खातो, घरात मध असतो, ती सुन्नत म्हणून प्रियही आहे. पण कॅन्सरच्या रुग्णाला केमो सोडून कलौंजी घ्यायला सांगणारा माणूस हदीसचा आधार घेतो तेव्हा मला इब्न खलदून आठवतो. त्याने मुकद्दिम्यात सहाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलं आहे की हदीसमधल्या औषधांच्या गोष्टी म्हणजे त्या काळच्या अरबांचं अनुभवाचं वैद्यक होतं, वह्य नव्हे. पैगंबर शरियत शिकवायला आले होते, वैद्यक शिकवायला नाही. त्यासाठी त्याने खजुराच्या परागीकरणाचा प्रसंग दिला आहे. मदिनेतले लोक खजुराला हाताने परागकण लावत. पैगंबरांना (स.) त्यात तथ्य वाटलं नाही, लोकांनी ते थांबवलं आणि फळ कमी आलं. तेव्हा त्यांनी दुनियेच्या व्यवहारातलं तुम्हाला अधिक कळतं अशा आशयाचं उत्तर दिलं. बरकतीच्या भावनेने घेतलेल्या गोष्टीचा फायदा इब्न खलदून नाकारत नाही. त्याचं वैद्यकशास्त्र करायला मात्र तो तयार नाही. इब्न कय्यिमसारख्या विद्वानांचं मत वेगळं होतं, हेही खरं. पण हा वाद आपल्या परंपरेत खुला होता, एवढं तरी दुकानदारांनी लपवू नये.

आणि एक हदीस या पत्रकांवर कधीच छापलेली दिसत नाही. ज्याला वैद्यक येत नाही आणि तरी जो इलाज करतो, नुकसानीची जबाबदारी त्याची. अबू दाऊद आणि इब्न माजा यांच्या संग्रहांत ती आहे. हिजामा केंद्रात ब्लेड नवी आहे का, हिपॅटायटिस-बी आणि सी रक्तातूनही पसरतात, हे विचारणं या हदीसच्या जवळचं आहे असं मला वाटतं.

*

आता जगाकडे येऊ. जागतिक आरोग्य संघटनेला पारंपरिक वैद्यक आज आठवलेलं नाही. १९७८ च्या अल्मा-आताच्या जाहीरनाम्यातच प्राथमिक आरोग्यसेवेत गरजेप्रमाणे पारंपरिक चिकित्सकांना सामील करून घ्या असं म्हटलं होतं. त्यामागे साधा हिशेब होता. जिथे डॉक्टर नाही तिथे दाई आहे, वैदू आहे. एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या जामनगरला संघटनेच्या पारंपरिक वैद्यकाच्या जागतिक केंद्राची पायाभरणी झाली. भारताने त्यासाठी २५ कोटी डॉलर देऊ केले. आपल्या १९४ सदस्य देशांपैकी १७० देशांनी पारंपरिक वैद्यक वापरात असल्याचं कळवलं आहे, असं संघटनाच सांगते. जानेवारी २०२४ मध्ये आजारांच्या जागतिक वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानीतल्या आजारांच्या नावांना संकेतांक मिळाले. त्या दिवशी माझ्या फोनवर मुबारकबादीचे संदेश आले, “युनानीला जगाने मान्यता दिली.” तसं झालेलं नाही. संकेतांकाने मोजणी करता येते, कुठल्या आजारासाठी किती लोक कुठे गेले ते कळतं. त्या आजारावरच्या माजूनचा गुण त्याने सिद्ध होत नाही. मोजणी ही चांगली सुरुवात आहे, पण ती सुरुवातच आहे.

खरी मान्यता कशी मिळते याचं उदाहरण चीनमध्ये आहे. व्हिएतनाम युद्धात मलेरियाने सैनिक मरत होते, म्हणून २३ मे १९६७ ला चीनने एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरून त्याला ५२३ म्हणतात. तू यूयू या संशोधिकेच्या गटाने जुन्या ग्रंथांतली शेकडो औषधं चाळली. चिंगहाव नावाच्या वनस्पतीचा अर्क कधी काम करायचा, कधी नाही. चौथ्या शतकातल्या गे होंगच्या एका पुस्तकात ती वनस्पती पाण्यात भिजवून पिळून रस प्यावा असं लिहिलेलं तिला सापडलं. उकळायला सांगितलं नव्हतं. उष्णतेने गुण जात असेल, हे तिच्या लक्षात आलं. तिने कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या नमुन्याने प्राण्यांमधला मलेरियाचा परजीवी पूर्ण मारला. रुग्णांना देण्याआधी तिने आणि सहकाऱ्यांनी तो स्वतः घेतला. त्यातून आर्टेमिसिनिन आलं, २०१५ मध्ये नोबेल आलं. आज फाल्सिपॅरम मलेरियाचा रुग्ण, मग तो गडचिरोलीचा असो की नायजेरियाचा, याच घराण्यातल्या औषधाने वाचतो.

ग्रंथाशिवाय तिला दिशा मिळाली नसती, आणि ईथरशिवाय तो ग्रंथ कपाटातच राहिला असता. याच वनस्पतीचा चहा पिऊन मलेरिया बरा करा म्हणणाऱ्यांना मात्र जागतिक आरोग्य संघटना पाठिंबा देत नाही, कारण चहात औषध किती उतरेल याचा भरवसा नाही आणि अपुऱ्या मात्रेने परजीवी औषधाला सरावतो. २०२० मध्ये मादागास्करच्या राष्ट्राध्यक्षांनी तीच वनस्पती बाटलीत भरून कोरोनावरचं औषध म्हणून जाहीर केली, आधी घोषणा आणि चाचणी नंतर कधीतरी. झाड तेच. एकदा जगाला औषध मिळालं, एकदा तमाशा झाला.

आपल्या भूगोलातलंही एक सांगतो. कोडावर, म्हणजे अंगावरच्या पांढऱ्या डागांवर, आपले हकीम आणि वैद्य बावची देऊन उन्हात बसवतात. इजिप्तमध्ये त्याच कामाला आतरीलाल नावाचं एक रोप वापरायचे, इब्न अल-बैतारने तेराव्या शतकात त्याची नोंद केली आहे. १९४० च्या दशकात कैरोच्या अब्देल मोनेम अल-मोफ्ती या डॉक्टरांनी त्यातलं सोरालेन वापरून कोडाच्या रुग्णांवर पद्धतशीर उपचार केले. बावचीतही तेच घराणं आहे. सोरालेन आणि अतिनील किरण, ही जोडी पुढे जगभरच्या त्वचारोग विभागांत रूढ झाली. त्या इजिप्शियन रोपाचं शास्त्रीय नाव आहे अम्मी माजुस. मी हे अम्मीला सांगितलं तेव्हा ती बऱ्याच दिवसांनी हसली.

पण ‘नैसर्गिक आहे, मग काय बिघडतं’ याचं उत्तरही द्यायला हवं. १९९० च्या सुमारास बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या शंभराहून अधिक बायकांच्या किडन्या खराब झाल्या. ॲरिस्टोलोकिया नावाची वनस्पती चुकून त्यात आली होती. अमेरिकेत २००४ मध्ये बोस्टन परिसरातल्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली, त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक घातक प्रमाणात होतं. आपल्या कुश्त्यांची तऱ्हा यापेक्षा वेगळी मानायला आधार नाही, धातू भाजूनच ते करतात. आणि कोरोनाच्या काळात मुंबईतल्या डॉक्टरांनी सहा रुग्ण नोंदवले, ज्यांच्या यकृताला इजा झाली होती. सहाही जण प्रतिकारशक्तीसाठी गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. घ्यावा. पण त्या आक्षेपाचं उत्तर अधिक रुग्ण तपासून द्यायचं असतं, निषेधाच्या पत्रकाने नाही.

ज्ञान कुणाचं आणि पैसा कुणाचा, हा प्रश्न यात उरतोच, आणि तिथे मी परंपरेच्या बाजूने भांडेन. सर्पगंधेचा नफा बाझेलला गेला आणि जंगलं आपली ओरबाडली गेली. आज ती आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध असलेल्या वनस्पतींच्या यादीत आहे. १९९५ मध्ये अमेरिकेत हळदीने जखम भरण्याचं पेटंट दिलं गेलं होतं, ते डॉ. रघुनाथ माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने लढून १९९७ मध्ये रद्द करून घेतलं. पुढे पारंपरिक ज्ञानाचा जो डिजिटल ग्रंथसंग्रह झाला, त्यात अरबी, फारसी, उर्दूतले युनानी ग्रंथही आहेत. या कामाचं कौतुक आपल्या उर्दू जलशांत का होत नाही, मला कळत नाही.

*

मग अम्मी त्या गाळ्यात का गेली? हे विचारल्याशिवाय हा लेख लिहिणं अप्रामाणिक होईल. सरकारी दवाखान्यात टोकन घेऊन तीन तास बसल्यावर तिला दोन मिनिटं मिळत. डॉक्टर वर न बघता लिहीत. तिची दखनी त्यांना कळत नसे, त्यांची इंग्रजीमिश्रित मराठी तिला. बुरख्यातल्या बाईशी बोलताना आवाज कसा बदलतो हे तिने मला कधी सांगितलं नाही, मी सोबत असताना ऐकलं आहे. हकिमाने तिचा हात हातात घेऊन नब्ज बघितली आणि विचारलं, नींद आती क्या अम्मा? या एका प्रश्नावर त्याचा धंदा चालतो. आधुनिक वैद्यकाने हा प्रश्न विचारायचं सोडलं, म्हणून भोंदूला जागा मिळाली.

आपल्या मोहल्ल्यांत ही जागा भरून काढू शकतील असे लोक खरं तर आहेत. मालेगावचं मन्सुरा, मुंबईचं अंजुमन-ए-इस्लामचं तिब्बिया कॉलेज, पुण्याच्या आझम कॅम्पसमधलं युनानी महाविद्यालय, अशा ठिकाणांहून दरवर्षी मुलं-मुली बीयूएमएस होऊन बाहेर पडतात. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं शिकतात. मुलींचं प्रमाण डोळ्यांत भरण्यासारखं आहे. मग पुढे काय होतं? बहुतेक जण पाटीवर युनानी लिहून आत सलाइन लावतात. युनानीवर त्यांचा स्वतःचाच भरवसा नाही, आणि रुग्णाला तर इंजेक्शनच हवं असतं. या डॉक्टरांनी मोहल्ल्यातला रक्तदाब, साखर, गरोदर बायकांचं रक्त यांची नियमित तपासणी धरली, रुग्ण कुठली पुडी, कुठलं माजून, कुठलं तेल घेतो याची वही ठेवली, तर जामनगरच्या काचेच्या इमारतीत जे होणार नाही ते इथे होईल. त्यांची भाषा अम्मीची आहे, आणि स्टेरॉइड काय करतं हेही त्यांना शिकवलेलं आहे.

कायदा आहे की नाही? आहे. खोट्या इलाजांच्या जाहिरातींविरुद्ध १९५४ चा कायदा आहे आणि त्याच्या यादीत मधुमेहाचं नाव आहे. त्याला आव्हान देणाऱ्यांत तेव्हाचा सर्वांत नामवंत युनानी दवाखाना, हमदर्दच होता. १९५९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने काही कलमं रद्द केली, पण अशा जाहिरातींना भाषणस्वातंत्र्याचं छत्र द्यायला नकार दिला. इतकी वर्षं झाली, आमच्या बसस्थानकाच्या भिंतीवर साखर मुळापासून बरी करणाऱ्याचा नंबर अजून आहे.

उरलेली एक पुडी मी जपून ठेवली होती. तपासून घ्यावी म्हणून एका कार्यालयात गेलो. तिथे विचारलं, बिल आहे का, उत्पादकाचं नाव, परवाना क्रमांक? पुडीवर काही छापलेलंच नव्हतं. ज्यावर नाव नाही त्याची तक्रार कुणाविरुद्ध घ्यायची, असं म्हणून त्यांनी ती परत दिली. खासगी प्रयोगशाळेने सांगितलेली रक्कम माझ्या पगाराला झेपणारी नव्हती. त्या गाळ्यात आता मोबाइलचं दुकान आहे. ज्या दोन मित्रांना मी नंबर दिला होता त्यांना फोन केला. एकाने घेतलंच नव्हतं. दुसऱ्याच्या वडिलांच्या पुड्या चालू होत्या. एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांकडे न्या आणि सगळं खरं सांगा, एवढंच सांगितलं.

अम्मी आता पुन्हा खुर्चीवर बसून नमाज पढते. मेटफॉर्मिन चालू आहे. सर्दी झाली की जोशांदा उकळते, आणि त्याला माझी हरकत नाही. गेल्या महिन्यात तपासणीला जाताना तिने स्वतःहून एक कापडी पिशवी भरली. गोळ्यांची पाकिटं, कलौंजीच्या तेलाची बाटली, कुणीतरी उमऱ्याहून आणलेली खजुराच्या बियांची पूड, अर्धं राहिलेलं माजून. डॉक्टरांच्या टेबलावर तिने ती उपडी केली. त्यांनी एकेक उचलून लेबल वाचायला सुरुवात केली, आणि बाहेर रांगेतले लोक आमच्या नावाने कुरकुरू लागले.